पुरीम : पत्रांनी नेमून दिलेला सण

पुरीम हा यहुदी पंचांगातील अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येणारा सण आहे. पर्शियन साम्राज्यातील सगळ्या यहुद्यांना एकाच दिवशी ठार मारण्याचा राजहुकूम निघाला होता आणि तो उलटवला गेला, त्या सुटकेचा हा उत्सव. त्याचा सारा आधार हिब्रू बायबलमधील एस्तेरच्या पुस्तकात आहे. पुस्तक लहान आहे, अवघे दहा अध्याय. वल्हांडण, सप्ताहांचा सण, मंडपांचा सण हे यहुद्यांचे मोठे सण मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलेले आहेत, तेथे पुरीमचा उल्लेखही नाही. सीनाय पर्वतावर मिळालेली आज्ञा नाही, संदेष्ट्याची वाणी नाही, मंदिरातले अर्पण नाही. पत्रे लिहिली गेली, ती प्रांतोप्रांती पोचली आणि लोकांनी सण स्वतःवर बंधनकारक करून घेतला, असा पुरीमचा उगम बायबलच सांगते. परमुलखात राहणाऱ्या समाजाने स्वतःसाठी घडवलेला हा सण आहे आणि त्याचे सगळे वेगळेपण यातच आहे.

हा समाज परमुलखात कसा आला, हे आधी पाहायला हवे. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले आणि लोकांना कैद करून नेले. इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि त्यानंतर यहुद्यांना मायदेशी परतण्याची मुभा मिळाली. मात्र परतले ते थोडे. बाकीच्यांनी तोवर घरे बांधली होती, शेती धरली होती, मुलाबाळांची लग्ने लावली होती. यिर्मया संदेष्ट्यानेही बंदिवानांना पत्र धाडून हाच सल्ला दिला होता. निप्पूर शहरात मुराशू नावाच्या सावकारी घराण्याचे दप्तर मातीच्या पाट्यांवर लिहिलेले सापडले आहे. ते इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. जमिनीचे खंड आणि कर्जे यांच्या त्या नोंदींत यहुदी वळणाची बरीच नावे आढळतात. म्हणजे हे लोक तेथे पाहुणे राहिले नव्हते. एस्तेरच्या पुस्तकातील माणसे अशाच समाजातली आहेत. त्यांची नावेही तेथलीच वाटतात. मर्दखय या नावात बाबेलचा देव मार्दूक ऐकू येतो, एस्तेर या नावात बहुधा देवी इश्तार. एस्तेरचे हिब्रू नाव हदस्सा होते, एवढे पुस्तक एकदाच सांगून ठेवते.

कथा घडते शूशन नगरात. इराणच्या नैर्ऋत्येकडील खुझेस्तान प्रांतात शूश या गावाजवळ या नगराचे अवशेष आहेत. १८५१–५२ मध्ये ब्रिटिश संशोधक विल्यम लॉफ्टस याने तेथे उत्खनन केले आणि पुढे फ्रेंच पथकांनी ते काम वाढवले. पर्शियाचा राजा दारयावेश पहिला याने बांधलेल्या राजवाड्याचा ३६ खांबांचा दरबार तेथे उजेडात आला. बांधकामाची हकीगत सांगणारा दारयावेशचा शिलालेखही मिळाला. त्यात कोणता माल कोणत्या देशातून आणला याची यादी आहे : देवदार लबानोनचा, सोने सार्दीस आणि बाख्त्रियाचे, हस्तिदंत कूश (इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख), सिंध आणि अराकोशिया येथला. एस्तेरच्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य राजाचे राज्य हिंदुस्थानापासून कूशपर्यंत १२७ प्रांतांवर होते असे सांगते. शिलालेख आणि पुस्तक या दोहोंतही साम्राज्याचा पसारा त्याच दोन टोकांमध्ये दिसतो. हिब्रू बायबलमध्ये हिंदुस्थानाचे नाव फक्त याच पुस्तकात, तेही दोनदाच आले आहे.

राजाचे नाव अहश्वेरोश. इतिहासात ज्याला झर्क्सीस पहिला म्हणतात (इ.स.पू. ४८६–४६५) तोच हा, असे सामान्यतः मानले जाते. कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी त्याने सरदारांना १८० दिवस आपले वैभव दाखवले आणि अखेरीस सात दिवसांची मेजवानी दिली. बागेच्या अंगणातील पांढरे-निळे पडदे, रुप्याच्या कड्या, संगमरवरी खांब, सोन्याचांदीची आसने यांचे वर्णन पुस्तक हौसेने करते. मद्याच्या भरात राजाने वश्ती राणीला लोकांपुढे आणण्याचा हुकूम दिला, तिने नकार दिला आणि तिचे राणीपद गेले. नव्या राणीचा शोध सुरू झाला. बन्यामिनी वंशातल्या मर्दखयने आपली पोरकी चुलतबहीण एस्तेर हिला मुलगी मानून वाढवले होते. सातव्या वर्षी तीच राणी झाली. आपले कूळ तिने मर्दखयच्या सांगण्यावरून कोणाला कळू दिले नाही. याच सुमारास दोन खोजांनी राजाला मारण्याचा कट केला. मर्दखयला त्याचा सुगावा लागला, त्याने एस्तेरच्या मार्फत तो उघड केला आणि ही घटना राजाच्या बखरीत नोंदली गेली. बक्षीस मात्र कोणी दिले नाही.

पुढे राजाने हामान याला सर्व सरदारांच्या वर बसवले. दरवाज्यातील सारे चाकर त्याला दंडवत घालत, मर्दखय घालत नसे. त्याचे कारण पुस्तक फोडून सांगत नाही, पण हामानचे कूळ सांगते : तो अगागी होता. अगाग हा अमालेकांचा राजा आणि अमालेक हे इस्राएलचे जुने वैरी. मिसरमधून निघालेल्या थकल्याभागल्या लोकांवर त्यांनी पाठीमागून घाला घातला होता. अगागचा पराभव केला तो कीशचा मुलगा शौल राजाने. मर्दखयच्या वंशावळीतही कीश हे नाव आहे. हे ऐकताच जुन्या ऐकणाऱ्यांना शौल आणि अगाग यांची लढाई दरबारात पुन्हा उभी राहिलेली दिसत असणार. हामानला एकट्या मर्दखयचा सूड पुरेसा वाटला नाही. त्याने सगळ्या जमातीचा नाश करायचे ठरवले आणि त्यासाठी दहा हजार किक्कार रुपे खजिन्यात भरण्याची तयारी दाखवली. हे लोक सगळीकडे पांगलेले आहेत आणि त्यांचे कायदे इतरांहून निराळे आहेत, असे त्याने राजाच्या कानी घातले. राजाने चौकशीही न करता आपली अंगठी काढून दिली.

कत्तलीचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरला. या चिठ्ठीला पुस्तकात ‘पूर’ म्हटले आहे आणि सणाचे नाव त्यावरून पडले असेही तेथेच सांगितले आहे. मेसोपोटेमियात ही रीत खरोखरीच होती. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात मातीचा एक लहानसा घनाकृती फासा आहे. तो इ.स.पू. नवव्या शतकातल्या अश्शूरी राजा शल्मनेसर तिसरा याच्या याहली नावाच्या अधिकाऱ्याचा. त्या काळी प्रत्येक वर्षाला एकेका अधिकाऱ्याचे नाव देत आणि तो मान कोणाला मिळणार ते असे फासे टाकून ठरवत. आपल्या वर्षी पीक चांगले यावे, आपली चिठ्ठी निघावी, अशी याहलीची प्रार्थना फाशाच्या बाजूंवर कोरलेली आहे आणि चिठ्ठीसाठी शब्द ‘पूरू’ असाच आहे. हामानची चिठ्ठी नीसान या पहिल्या महिन्यात टाकली गेली आणि कौल लागला तो बाराव्या महिन्याचा, अदारचा. यहुद्यांच्या हाती जवळजवळ अकरा महिने आले ते त्यामुळे. हुकूम लिहिला गेला नीसानच्या तेराव्या दिवशी, मिसरच्या दास्यातून सुटल्याचा वल्हांडण सण अगदी दाराशी आलेला असताना.

बातमी कळताच मर्दखयने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसला आणि एस्तेरला राजाकडे जाण्यास सांगितले. बोलावल्यावाचून राजासमोर जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचे. तिची भीती ऐकून मर्दखयने जे उत्तर धाडले ते पुस्तकाचा गाभा आहे : तू गप्प राहिलीस तर यहुद्यांची सुटका दुसरीकडून कुठून तरी होईल, पण तुझा नाश होईल, आणि कोणी सांगावे, तू राणी झालीस ती कदाचित या वेळेसाठीच. एवढ्या निकराच्या प्रसंगीही तो देवाचे नाव घेत नाही. संपूर्ण पुस्तकात देवाचे नाव एकदाही नाही. एस्तेरने तीन दिवस उपास केला, शूशनमधील यहुद्यांनाही करायला लावला आणि मग ती राजासमोर गेली. राजदंड पुढे झाला. तिने लगेच काही मागितले नाही, राजाला आणि हामानला जेवायला बोलावले, त्या जेवणात दुसऱ्या दिवशीचे आमंत्रण दिले.

कथा फिरते ती या दोन जेवणांमधल्या रात्री. राजाला झोप येईना, म्हणून त्याने बखर वाचून घेतली आणि मर्दखयने वाचवल्याची जुनी नोंद निघाली. त्याच वेळी हामान मर्दखयला फाशी देण्याची परवानगी मागायला आला होता. राजा ज्याचा सन्मान करू इच्छितो त्याचे काय करावे, असे राजाने त्याला विचारले. सन्मान आपलाच होणार असे समजून हामानने राजवस्त्रे आणि राजाचा घोडा सुचवला, आणि मर्दखयला त्या घोड्यावर बसवून शहरभर ललकारत फिरवण्याचे काम त्याच्याच वाट्याला आले. दुसऱ्या जेवणात एस्तेरने आपल्या व आपल्या लोकांच्या प्राणांची मागणी केली आणि वैऱ्याचे नाव सांगितले. मर्दखयसाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर हामानलाच लटकवण्यात आले. राणीचे धाडस खरे, पण त्याआधी एक निद्रानाशाची रात्र यावी लागली. पुस्तक या योगायोगाचा अर्थ सांगत बसत नाही.

हामान मेला तरी त्याचा हुकूम जिवंत होता, कारण राजाच्या अंगठीची मोहोर झालेला हुकूम खुद्द राजालाही रद्द करता येत नसे. त्यावर उपाय एकच : दुसरा हुकूम काढून यहुद्यांना एकत्र येण्याची आणि हल्ला करणाऱ्यांशी लढण्याची मुभा देणे. सीवान महिन्याच्या तेविसाव्या दिवशी तो निघाला आणि राजाच्या तबेल्यातील वेगवान घोड्यांवरून प्रांतोप्रांती गेला. पर्शियन टपालाची ही व्यवस्था ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानेही वाखाणली आहे. सार्दीस ते शूशन या राजमार्गावर १११ ठाणी होती आणि साधारण वाटसरूला तेथे नव्वद दिवस लागत, असे तो लिहितो. घोडेस्वारांचे टपाल मात्र ठाण्याठाण्यावर बदलत रात्रंदिवस धावे. एस्तेरच्या पुस्तकात मरण याच टपालाने आले, जीवनही याच टपालाने आले, आणि शेवटी सणही.

अदारच्या तेराव्या दिवशी लढाई झाली. प्रांतांत ७५,००० शत्रू मारले गेले, शूशनमध्ये ५०० आणि हामानचे दहा मुलगे. एस्तेरने आणखी एक दिवस मागून घेतला, त्या दिवशी राजधानीत ३०० मारले गेले. हा नववा अध्याय वाचणे सोपे नाही आणि त्याची धार बोथट करून सांगू नये. दुसऱ्या हुकमाची भाषा हामानच्या हुकमाचीच आहे, त्यात बायकामुलांचाही उल्लेख आहे. त्याबरोबर हेही खरे की हुकमाने लुटीची परवानगी दिली असूनही यहुद्यांनी लुटीला हात लावला नाही, हे पुस्तक तीन वेळा बजावून सांगते. शौल राजा अमालेकांच्या लुटीला भुलला होता आणि त्यामुळे त्याचे राज्य गेले होते. कीशच्या वंशातील मर्दखयच्या काळात ती चूक पुन्हा झाली नाही, हे लेखकाला ठसवायचे आहे. ग्रीक भाषांतरात प्रांतांतील मृतांचा आकडा १५,००० असा आहे, आणि बहुतेक अभ्यासक हे आकडे इतिहासाचे मानत नाहीत.

सणाच्या दोन तारखा या लढाईतून आल्या. प्रांतांतील यहुद्यांनी तेराव्या दिवशी लढून चौदाव्या दिवशी विश्रांती घेतली आणि मेजवानी केली. शूशनमधल्यांची विश्रांती पंधराव्या दिवशी झाली. मर्दखयने ही हकीगत लिहून दूरच्या-जवळच्या सगळ्या यहुद्यांना पत्रे पाठवली : हे दोन दिवस दरसाल मेजवानीचे आणि आनंदाचे पाळावेत, एकमेकांना खाद्यपदार्थ पाठवावेत, गरिबांना देणग्या द्याव्यात. पाठोपाठ एस्तेर राणीनेही मर्दखयबरोबर दुसरे पत्र लिहून हा नेम पक्का केला. या पत्रांपेक्षाही लक्षणीय आहे ते त्यांना मिळालेले उत्तर. यहुद्यांनी हे स्वतःसाठी, आपल्या संततीसाठी आणि आपल्याला येऊन मिळणाऱ्या सर्वांसाठी पत्करले, असे पुस्तक म्हणते. मंदिर दूर, राज्य परक्याचे, अशा स्थितीत समाजाने आपल्या संमतीने सण नेमला. विधीही त्याला साजेसेच आहेत. त्यांत याजक लागत नाही, वेदी लागत नाही. शेजारी लागतो आणि गरीब लागतो.

हे सारे प्रत्यक्ष घडले का, हा प्रश्न जुना आहे. दरबारातील चालीरीती, टपाल, पदव्या, पर्शियन शब्द यांची लेखकाला चांगली जाण आहे. उलट हिरोडोटसच्या लेखी झर्क्सीसची राणी अमेस्त्रिस होती, आणि त्याने दारयावेशच्या साम्राज्याचे वीसच सुभे मोजले आहेत. एस्तेर, हामान किंवा अशा हुकमाचा मागमूस पर्शियन साधनांत नाही. पर्सेपोलिसच्या पाट्यांवर मर्दुका हे नाव अनेकदा येते, पण नावावरून माणूस सिद्ध होत नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे पुस्तक इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिलेली ऐतिहासिक कथा आहे. पूर्वेकडील यहुद्यांमध्ये आधीपासून चालत आलेल्या एखाद्या उत्सवाला तिने अर्थ आणि आधार दिला असावा, असेही पुष्कळांना वाटते. त्यामुळे पुस्तकाची किंमत कमी होत नाही. परक्या सत्तेखाली एका दरबाऱ्याच्या रागाने अख्खी जमात संकटात येऊ शकते, हे त्या काळच्या यहुद्यांचे खरेखुरे भय होते आणि त्याचे इतके नेमके चित्र दुसरीकडे क्वचितच सापडते.

पुस्तकाला आणि सणाला मान्यता मिळायला वेळ लागला. मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत हिब्रू बायबलच्या इतर पुस्तकांचे तुकडे मिळाले, एस्तेरचा मिळाला नाही. ग्रीक भाषांतराच्या शेवटी एक टीप आहे : हे पुरीमचे पत्र दोसिथेओस याने इजिप्तमध्ये आणले आणि यरुशलेमच्या लिसिमाखोसने त्याचे भाषांतर केले. ही टीप इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरची किंवा पहिल्या शतकातली. मूळ पुस्तकात नसलेली सुमारे शंभर वचने त्या भाषांतरात आहेत. त्यांत मर्दखय आणि एस्तेर यांच्या प्रार्थना आहेत आणि देवाचे नाव भरपूर आहे. मूळ मौन भाविकांना सोसवले नव्हते, हे त्यावरून दिसते. मक्काबी या यहुदी लढवय्यांच्या दुसऱ्या पुस्तकात अदारच्या चौदाव्या दिवसाला मर्दखयचा दिवस म्हटले आहे, म्हणजे तोवर यहुदियातही सण परिचित झाला होता. एस्तेरने ज्ञानी लोकांकडे आपली कथा पिढ्यान्‌पिढ्यांसाठी लिहून ठेवण्याची मागणी केली आणि त्यांनी आधी कां-कूं केले, असे तल्मूद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. मोशेच्या नियमशास्त्राबाहेर नवी आज्ञा कशी घालायची, हीही त्यांची एक अडचण होती.

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात एस्तेरच्या पुस्तकाच्या वाचनावर ‘मगिला’ म्हणजे गुंडाळी या नावाचा स्वतंत्र भाग आहे. यहोशवाच्या काळापासून तटबंदी असलेल्या गावांनी पंधराव्या दिवशी वाचावे, इतरांनी चौदाव्या दिवशी, असा नियम तेथे आहे. खेड्यांतले लोक सोमवारी आणि गुरुवारी एकत्र जमत, म्हणून त्यांना वाचन अलीकडच्या सोमवारी किंवा गुरुवारी, अगदी अकराव्या दिवसापर्यंत, ओढून घेण्याची सवलत होती. अधिक महिन्याच्या वर्षी दोन अदार येतात, तेव्हा पुरीम दुसऱ्या अदारात पाळतात. सीरियातील दूरा-युरोपोस येथल्या सिनेगॉगच्या भिंतीवर, इ.स. २४५ च्या सुमारास, घोड्यावरील मर्दखय आणि सिंहासनाजवळची एस्तेर रंगवलेली आहेत. इ.स. ४०८ मध्ये रोमन सम्राटांनी पुरीमच्या वेळी हामानची प्रतिमा जाळून ख्रिस्ती क्रुसाची विटंबना करण्यास मनाई करणारा कायदा काढला. तेराव्या दिवशीचा ‘एस्तेरचा उपास’ मात्र त्यानंतरचा. त्या तारखेला पूर्वी मक्काबी काळातील शत्रुसेनापती निकानोर याच्यावरील विजयाचा दिवस पाळत, आणि तो विसरला गेल्यावरच तेथे उपासाला जागा झाली.

वाचनाच्या वेळी गुंडाळी एका लांब पत्राप्रमाणे घड्या घालून पसरतात. हामानच्या दहा मुलांची नावे एका श्वासात वाचतात आणि हामानचे नाव आले की पोरे खुळखुळे फिरवून, पाय आपटून ते बुडवून टाकतात. खाद्यपदार्थ निदान एका माणसाला दोन प्रकारचे आणि देणगी निदान दोन गरिबांना, असे प्रमाण ठरले. पुढे संकटातून वाचलेल्या गावांनी आपापले ‘पुरीम’ नेमले. कैरोच्या यहुद्यांनी १५२४ मध्ये तेथील सुभेदार अहमद पाशाच्या तावडीतून सुटल्यावर, फ्रँकफर्टच्या यहुद्यांनी १६१६ मध्ये हद्दपारीनंतर परत आल्यावर. लोकांनी पत्करला की सण होतो, हा एस्तेरच्या पुस्तकाने घालून दिलेला पायंडाच त्यांनी चालवला.

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या समाजाच्या इतिहासात समाजाच्या सणांची अशी मराठी नावे नोंदलेली आहेत. यहुदी आणि हिंदू या दोन्ही पंचांगांचे महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे अदारची चतुर्दशी आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुतेक वर्षी एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात. अधिक महिन्यांचा मेळ बसला नाही तरच त्या महिन्याने लांबतात. या समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलमध्ये जाऊन स्थायिक झाली. मुंबई, ठाणे, अलिबाग येथे राहिलेले बेने इस्राएल अदारच्या चौदाव्या दिवशी मगिला वाचतात, आणि यरुशलेमात राहणारे त्यांचे नातलग जुन्या तटबंदीच्या नियमाप्रमाणे पंधराव्या दिवशी.